पिकवायला शिकलो, विकायला कोण शिकणार?

(लातूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत सोयाबीनच्या भावाचा विषय आहे, पीकविम्याचा आहे, वीजबिलांचा आहे. त्यांच्या खाली 'विद्यापीठातील मुले आणि दुकान चालवण्याचे शिक्षण' असा विषय पाहून सकाळपासून चौघापाच जणांनी आम्हाला विचारले, हे काय नवीन काढले? बैठक शेतकऱ्यांची आणि चर्चा कॉलेजच्या पोरांची?

आधी एक करू. ज्यांचा मुलगा, मुलगी, पुतण्या, भाची पुण्यामुंबईत किंवा हैदराबादेत एखाद्या मोठ्या दुकानात, मॉलमध्ये कामाला आहे, त्यांनी हात वर करावा. (बरेच हात वर होतात.) खाली घ्या. आता ज्यांच्या गावच्या शेतकरी कंपनीत अशा दुकानात तयार झालेला एक तरी माणूस आहे, त्यांनी हात वर करावा. (एकही हात वर होत नाही.)

मंडळी, विषय एवढाच आहे. आपली लेकरे दुसऱ्याचा माल विकायला शिकली आणि आपला माल विकायला आपल्याकडे कोणी नाही.

गोलाईपासून मेम्फिसपर्यंत

लातूरची गंज गोलाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मधली दुमजली इमारत १९१७ सालची. तिला १६ रस्ते येऊन मिळतात. कुठे सोनेनाणे, कुठे कापड, कुठे मिरची, कुठे गूळ, कुठे चपला. आपले आजे-पणजे गाडी जुंपून या बाजाराला येत. आणलेला माल ठोकीने अडतीवर घालत आणि घरी न्यायचे मीठमिरची, लुगडे-धोतर किरकोळीने घेत. दोन्ही व्यवहारांत भाव समोरचा सांगे. शंभर वर्षांत रस्ते डांबरी झाले, गाडीऐवजी टेम्पो आला. व्यवहाराची रीत मात्र फारशी बदललेली नाही.

गोलाईच्या आदल्या वर्षी, १९१६ साली, अमेरिकेत मेम्फिस नावाच्या गावी क्लॅरेन्स साँडर्स या माणसाने एक किराणा दुकान काढले. तोवर गिऱ्हाईक गल्ल्यापुढे उभे राही आणि दुकानदार मागच्या फळीवरून वस्तू काढून देई. साँडर्सने फळ्या उघड्या केल्या. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, हवे ते उचलायचे आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. आज पुण्याच्या मॉलमध्ये आपण हेच पाहतो.

या बदलाचा परिणाम मोठा झाला. दुकानदार मध्ये होता तेव्हा मालाची तारीफ तो करी. तो बाजूला झाला आणि पाकिटालाच बोलावे लागले. नाव, वजन, किंमत, तारीख हे सगळे पाकिटावर आले. पुढे १९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्याच एका दुकानात पहिल्यांदा काळ्या-पांढऱ्या रेघांचा बारकोड वाचून बिल झाले. त्यानंतर कोणती वस्तू किती खपली, कोणत्या फळीवरची पडून राहिली, याचा हिशेब रोजच्या रोज मिळू लागला. दुकानदारी ही शिकण्याची विद्या झाली. आता ती विद्यापीठात शिकवतात आणि तिला 'रिटेल मॅनेजमेंट' म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर काय घ्यावे, किती साठवावे, कुठे मांडावे, कोणत्या भावाला विकावे आणि पैसा किती दिवसांत मोकळा करावा, याचे हे शास्त्र आहे.

आमची चूक

आम्ही कृषी पदवीधर. जमीन, बियाणे, खत, कीड, रोग सगळे शिकलो. चार वर्षांत बाजार या विषयाला एखाद-दुसरा पेपर, तोही पाठ करून सोडवण्याचा. पिकवणे ही विद्या आणि विकणे हा वाण्याचा धंदा, अशी एक समजूत आम्ही पदवीबरोबर घरी घेऊन आलो. चळवळीत आल्यावरही ती सुटली नाही. सभेत 'व्यापारी लुटतो' म्हटले की टाळी पडते. व्यापारी नेमके काय करतो, हे सांगायला गेले की मंडपातून लोक उठून जातात.

याची किंमत आम्ही मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाची तूरडाळ एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने ठेवायची कबूल केली. तो म्हणाला, छापील किमतीवर आम्हाला २० टक्के लागतील. आम्हाला डाळ किलोला १०० रुपयांना पडत होती. आम्ही १०० वर २० चढवले आणि पाकिटावर १२० छापले. पट्टी आली तेव्हा हातात किलोला ९६ रुपये. १२० चे २० टक्के म्हणजे २४ होतात, २० नव्हे. छापील किंमत १२५ हवी होती, म्हणजे २५ वजा जाऊन १०० आपले राहिले असते. प्रत्येक किलोमागे ४ रुपये तोटा घेऊन आम्ही डाळ विकली आणि वर ट्रकला हार घालून फोटो काढले.

यात त्या दुकानदाराने आम्हाला फसवले नाही. त्याने सांगितले तेच केले. खरेदीवरचा टक्का आणि विक्रीवरचा टक्का यांतला फरक वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असतो. आमच्यात तशी मुलगी नव्हती आणि तिला विचारावे, हेही आम्हाला सुचले नाही.

एका क्विंटलचा हिशेब

आता तुरीचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल. गिरणीत एका क्विंटलची साधारण ७० किलो डाळ धरू. उरलेली चुनी, भुसा ढोरांच्या खाद्याला जातो, त्याचे ४२० रुपये आले. राहिले ६,५८०. म्हणजे डाळ किलोला ९४ रुपयांना पडली. भरडाई, पाकीट, वाहतूक, व्याज, घट यांचे मिळून १३ रुपये धरा. झाले १०७. कर बाजूला ठेवू. दुकानात पाकिटावर किंमत १४०.

१०७ आणि १४० मध्ये ३३ रुपये आहेत. सभेत आपण म्हणतो, ही ३३ रुपयांची लूट. पण दुकानाने छापील किमतीवर १८ टक्के घेतले, तर २५ रुपये २० पैसे त्याचे झाले. त्यातून त्याला जागेचे भाडे, वीज, नोकरांचा पगार, चोरी, उंदीर, न खपलेला माल हे सगळे भागवायचे आहे. उरले ७ रुपये ८० पैसे. ते आपल्या कंपनीचे. ७० किलोवर होतात ५४६ रुपये.

५४६ रुपये थोडे आहेत की जास्त? तुरीचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात ७,५५० होता, २०२५-२६ ला ८,००० झाला. वाढ ४५० रुपयांची, आणि तीही सरकारने खरेदी केली तर. म्हणजे डाळ करून फळीवर ठेवण्यात एका वर्षाच्या हमीभाव वाढीहून जास्त पैसा आहे. तो मिळवण्यासाठी कोणापुढे निवेदन द्यावे लागत नाही.

पण तो पैसा चिमटीत धरण्याएवढा आहे. दर दहा पाकिटांतले एक पाकीट परत आले आणि तो माल टाकून द्यावा लागला, तर ७ किलोचे ७४९ रुपये गेले. राहिलेल्या ६३ किलोंवर नफा ४९१. म्हणजे एका क्विंटलमागे २५८ रुपयांचा तोटा. पाकिटे परत का येतात? वजनात फरक पडला, तारीख छापायची राहिली, शिवण उसवली, जुना माल मागे राहिला आणि नवा आधी खपला, कीड लागली. ही सगळी व्यवस्थापनाची कामे आहेत. दुकान तोट्यात जायचे की नफ्यात, हे त्या ७ रुपये ८० पैशांत ठरते आणि ते राखायला तयार माणूस लागतो.

दारे उघडली, आत कोण गेले?

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यातला व्यापार तेव्हा कायद्याने बांधलेला होता. त्यानंतर एकेक दार उघडत गेले. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी, आणि भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. २०१२ साली किरकोळ व्यापारात परदेशी भांडवलाला ५१ टक्क्यांपर्यंत वाट मिळाली. जोशींनी तेव्हा त्या बाजूने भूमिका घेतली म्हणून त्यांना शिव्याही खाव्या लागल्या. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला आणि संत सावता माळींच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरांत भरू लागले. २०२० साली केंद्राने १०,००० शेतकरी कंपन्यांची योजना आणली.

२०२० चे तीन कृषी कायदे आले आणि २०२१ मध्ये परत गेले, त्यावर आपल्यात मतभेद आहेत. ते असू द्या. पण जी दारे उघडी आहेत, त्यांतून आपण कोणाला आत पाठवले? आठवडे बाजारात शेतकरी स्वतः तराजू घेऊन बसला. चार रविवार बसला, पाचव्या रविवारी फवारणी आली. शेतही बघायचे आणि शहरात दुकानही मांडायचे, हे एका घराला झेपत नाही. ते काम करणारा आपला वेगळा माणूस पाहिजे.

१०,००० कंपन्यांच्या योजनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगाराला महिना २५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, तीही तीन वर्षे. तीन वर्षांत त्याने कंपनीला स्वतःचा पगार काढण्याइतके उत्पन्न मिळवून द्यावे, ही अपेक्षा. पण आपण निवडताना पाहतो काय? कागदपत्रे नीट करतो का, साहेबांशी बोलतो का, संचालकाच्या नात्यातला आहे का. त्याने आयुष्यात कधी गल्ला सांभाळला आहे का, हे कोणी विचारत नाही. मदत संपली की तो जातो आणि कंपनीच्या खोलीला कुलूप लागते.

२०२४ साली आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे भाव नव्हे. ते नाव वापरायचे तर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. पाकिटावर ते नाव छापावे लागते, पाकीट दुकानात जावे लागते आणि गिऱ्हाइकाच्या हाताने ते उचलावे लागते. कोथिंबिरीचा तर जीवच दीड-दोन दिवसांचा. सकाळी किती जुड्या ठेवायच्या आणि संध्याकाळी उरलेल्या कोणत्या भावाने काढायच्या, हे ठरवणारा माणूस नसेल, तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगायच्या उपयोगाचे.

विद्यापीठे काय करतात?

आपल्या भागात शिक्षणाची सोय नाही असे कोणी म्हणू नये. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ सालचे, त्याचे उपकेंद्र लातुरात आहे. चाकूरला कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने व्यवसाय शिक्षणाची बी.व्होक. पदवी आणली आणि तिच्यात रिटेल मॅनेजमेंट हा विषय देशात ठिकठिकाणी शिकवला जाऊ लागला. २०२३-२४ पासून पदव्युत्तर मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याला गुण मिळू लागले.

मग उणीव कशात आहे? व्यवस्थापनाच्या मुलाला मोठ्या साखळी दुकानात विभागप्रमुख होण्यासाठी तयार करतात. तूर कशी येते, ओलावा किती असावा, एकाच जातीच्या मालाला वेगळा रंग का येतो, हे त्याला माहीत नसते. कृषीची मुले शेवटच्या वर्षी 'रावे'साठी गावात येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून आपण त्यांचे स्वागत करतो. ती बीजप्रक्रिया दाखवतात, माती नमुना कसा घ्यावा ते सांगतात आणि जातात. माल गोलाईच्या पलीकडे गेल्यावर त्याचे काय होते, हे ना त्यांनी पाहिलेले, ना आपण दाखवलेले. एकाला माल कळतो, दुसऱ्याला दुकान कळते, आणि दोघांची भेट होत नाही.

मोठ्या दुकानातल्या नोकरीला आम्ही नावे ठेवत नाही. तिथे शिस्त शिकायला मिळते. पण ती नोकरी म्हणजे सुरक्षित सरकारी खुर्ची, असे कोणी समजू नये. सुभिक्षा नावाच्या साखळीची देशभर सुमारे १,६०० दुकाने होती, ती २००९ साली बंद पडली. बिग बझार हे नाव घरोघरी पोचले होते, ती कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कर्ज काढून दुकाने वाढवली आणि माल भरायला पैसा उरला नाही, की फळ्या रिकाम्या दिसतात. मग गिऱ्हाईक जाते आणि मागोमाग नोकरी जाते. आपल्या कंपन्यांनीही हा धडा घ्यावा. दुसरीकडे नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी राहिली. द्राक्षाच्या निर्यातीपासून शहरातल्या किरकोळ विक्रीपर्यंत ती गेली. तिथे शेतकरी आणि शिकलेली व्यवस्थापक मंडळी एका छपराखाली बसतात. म्हणजे हे होण्यासारखे आहे.

आपण काय करायचे?

सरकारकडे आणखी एका कॉलेजची मागणी करायची नाही. तीन कामे आपल्या हातात आहेत.

पहिले काम. प्रत्येक तालुक्यात एका शेतकरी कंपनीने किंवा बचत गटाने एक विक्री केंद्र शिकण्यासाठी खुले करावे. लहान असले तरी चालेल, पण रोज उघडणारे हवे. तिथे एका हंगामासाठी दोन विद्यार्थी घ्यावेत, एक कृषीचा आणि एक वाणिज्य किंवा व्यवस्थापनाचा. त्यांच्याकडे खरे काम द्यावे. साठ्याची वही, पाकिटावरचा मजकूर, परत आलेल्या मालाचे कारण, उधारीची वसुली. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आपल्यापैकी किती कंपन्यांनी ती नोंदणी केली आहे आणि किती जणांनी पत्र लिहून पैसे मागितले आहेत? हे काम त्या मुलांना शिकवा, आणि तुम्हीही त्यांच्याकडून शिका. एक अट मात्र पाळा. त्यांना विद्यावेतन द्या आणि लिहून द्या. घामाचे दाम मागणाऱ्यांनी पोरांना फुकट राबवू नये.

दुसरे काम. नांदेड आणि परभणी दोन्ही विद्यापीठांना जिल्ह्यातर्फे पत्र द्यायचे. रिटेलच्या अभ्यासक्रमात शेतमालाचे दुकान हा भाग असावा आणि 'रावे'च्या काळातले काही आठवडे विक्री केंद्रात घालवण्याची मुभा असावी. नांदेडच्या विद्यापीठात अभ्यास मंडळावर बाहेरच्या जाणकारांना जागा असते. शेतकरी कंपनी चालवणारा माणूस किंवा बाई तिथे का नसावी?

तिसरे काम सगळ्यात सोपे. सुरुवातीला ज्यांनी हात वर केले, त्यांच्या घरात शिक्षक आहे. पुण्याच्या दुकानात बारा तास उभे राहणारे तुमचे पोरगे दिवाळीला घरी येत नाही, कारण दिवाळी ही दुकानदाराची सुगी. ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येते. त्या वेळी आम्ही तालुकावार अशा मुलामुलींची एक दिवसाची बैठक घेणार आहोत. डाळीच्या कोणत्या पाकिटाकडे बायका आधी हात नेतात, कोणता माल परत जातो, कोणत्या दिवशी काय खपते, हे त्यांना तोंडपाठ आहे. आजवर आपण त्यांना पगार किती आणि लग्न कधी, एवढेच विचारले.

काही शंका

एक शंका येते की, पोरगा आपल्याकडे शिकेल आणि जास्त पगारावर निघून जाईल. जाऊ द्या. दहातले दोन राहिले तरी दोन कंपन्या उभ्या राहतील. गेलेले आठ उद्या त्या मोठ्या दुकानांत खरेदी अधिकारी होतील, तेव्हा आपला फोन तरी उचलतील.

दुसरी शंका, चळवळीने दुकान थाटायचे का? नाही. चळवळ वेगळी आणि दुकान वेगळे. दुकानात पदाधिकाऱ्याला मान नाही, कार्यकर्त्याला उधार नाही आणि व्यवस्थापकाच्या नेमणुकीत पाहुणेपणा नाही. सहकारातली किती भांडारे उधारीने आणि सोयरिकीने बुडाली, हे आपण गावोगाव पाहिले आहे.

तिसरी शंका मायबहिणींची आहे. शिकलेली पोरे आली की बचत गटाच्या बायकांना मागे सारतील. ही भीती खरी आहे. म्हणून विद्यार्थी केंद्रात येईल तो गटाच्या हाताखाली येईल. पापडाचा घाणा किती आणि डाळीला पॉलिश किती, हे ज्या बाईला कळते ती त्याची गुरू. तिला हिशेबाची वही आणि संगणक त्याने शिकवायचा.

भावांनो, भावाची लढाई सोडा असे आम्ही म्हणत नाही. ती चालूच राहील. पण भाव बांधून मिळाला तरी माल गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत नेण्याचे काम कोणाला तरी करावे लागणारच. आज ते दुसरे करतात आणि त्याचे दाम घेतात, त्यांत आपली मुलेही नोकर म्हणून आहेत. आपल्या दुकानात ती कारभारी म्हणून यावीत, एवढीच ही गोष्ट आहे.

तालुका प्रमुखांनी जाण्यापूर्वी विक्री केंद्रांची नावे लिहून द्यावीत. पुढच्या जिल्हा बैठकीत दुसरा प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. तेव्हा निदान पाच हात वर झालेले आम्हाला पाहायचे आहेत.